सम की व्यस्त?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. समप्रमाण-व्यस्तप्रमाणाची गणितं रोज सोडवते, वहीत सगळी बरोबर येतात. चाचणीत मात्र गुणायचं की भागायचं, यातच घोटाळा होतो. आम्ही शाळेत त्रैराशिक करायचो. तेच शिकवू का?
— एक पालक, चाळीसगाव

उत्तर : शिकवा, पण त्याने घोटाळा मिटणार नाही. त्रैराशिक काय, एकमान पद्धत काय, दोन्ही आकडेमोडीच्या रीती. वहीत उत्तरं जमतात ती बहुधा धड्याच्या मथळ्यामुळे. वर ‘समप्रमाण’ छापलेलं असलं की ठरवायला उरतंच काय?

तुमच्या जवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता. या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त त्रैराशिक सांगितलं, व्यस्त त्रैराशिकही सांगितलं, आणि ते कुठे लावायचं हेही सांगून ठेवलं. त्यातलं एक उदाहरण धान्याचं आहे. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर शंभर मापं भरतात. पाच आढकांच्या मापाने किती? माप लहान झालं, म्हणजे मापं वाढणार. एवढं ठरलं की १०० × ७ ÷ ५ = १४०. पडताळाही सोपा : ७ × १०० आणि ५ × १४०, दोन्ही ७००. व्यस्तात गुणाकार कायम राहतो, समात भागाकार.

पण एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणून ते समप्रमाणच, असं नाही. पाठ्यपुस्तकं इथे फार घाई करतात. मुंबईत २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे. तीन किलोमीटरला साधारण ५२ होतात, प्रमाण जुळलं. मग पाऊण किलोमीटरला १३? देऊन बघा! मीटर २६च दाखवणार. दीड किलोमीटरच्या पुढे प्रमाण चालतं, अलीकडे नाही. आणि एक शर्ट वाळायला दोन तास लागतात, तर पाच शर्टांना? दोरी लांब असली तर दोनच.

तेव्हा धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा : काही सम, काही व्यस्त, काही दोन्हींत न बसणारी. सगळ्या एकत्र मिसळा. रोज सात-आठ चिठ्ठ्या उचलायच्या, प्रकार सांगायचा, कारण सांगायचं. आकडेमोड अजिबात करायची नाही. सुरुवातीला ती कुरकुरेल. कारण सुचेनासं झालं तर एक राशी दुप्पट करून बघायला सांगा : दुसरी दुप्पट होते, निम्मी होते, की जागची हलतच नाही?

गती आणि वेळ यांच्या एक-दोन चिठ्ठ्याही घाला. उदाहरणार्थ, ६० किलोमीटरवरच्या गावी ताशी ३० च्या वेगाने गेलो, ताशी ६० ने परत आलो. सरासरी वेग किती? ती ४५ म्हणाली तर लगेच चूक दाखवू नका. जायला किती तास, यायला किती, एवढंच विचारा. ४० पर्यंत ती आपली आपण येईल.