घटक ४ : सूरभेदी भाषा आणि गीताची चाल – व्हिएतनामी लोकगीते



मराठीत वाक्याचा सूर बदलला तर विधानाचा प्रश्न होतो. शब्दाचा कोशातील अर्थ मात्र तोच राहतो. व्हिएतनामी भाषेत तो बदलतो. ‘मा’ हे एकच अक्षर सपाट सुरात ‘भूत’, चढत्या सुरात ‘आई’, उतरत्या सुरात ‘पण’ आणि खाली दाबून तोडलेल्या सुरात ‘भाताचे रोप’ असे अर्थ देते. उत्तरेकडील बोलीत असे सहा सूर आहेत, दक्षिणेकडे पाच. (भाषाविज्ञानात यांना ‘तान’ असेही म्हणतात, गायनातील तानेशी गल्लत नको म्हणून येथे ‘सूर’ हाच शब्द वापरू.)

अशा भाषेत गाणे रचायचे कसे? चाल खाली उतरली आणि शब्द चढत्या सुराचा असला, तर ऐकणाऱ्याने आई समजावी की आणखी काही?

या प्रश्नाचे पहिले उत्तर छंदातच आहे. ‘लुक बात’ या लोकप्रिय छंदात सहा आणि आठ अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात. आठ अक्षरी ओळीतील सहावे व आठवे अक्षर ‘सम’ सुराचे असावे लागते. पण एक उंच सपाट असेल, तर दुसरे उतरते. म्हणजे ओळ नुसती म्हटली तरी तिला चढउतार असतो. अंगाईगीते गाणारी स्त्री हाच चढउतार लांबवते.

दुसरे उत्तर अधिक कुतूहलजनक आहे. उत्तरेकडील बाक निन्ह परिसरात ‘क्वान हो’ ही सवाल-जवाबाची गायनपरंपरा आहे. दोन स्त्रिया एकस्वरात, वाद्यांच्या साथीवाचून गातात. दोन पुरुषांनी त्याच चालीत वेगळ्या शब्दांचे गीत गाऊन उत्तर द्यायचे असते. शब्द बदलले की सूर बदलणार, आणि चाल तर तीच हवी! येथे गायक चालीचे मुख्य स्वर सांभाळून शब्दापुरती मुरड घालतात आणि शब्दांच्या मध्ये ‘इ’, ‘हि’, ‘उ’ अशी अर्थहीन अक्षरे पेरतात. या अक्षरांना अर्थ नसल्याने त्यांचा सूर बिघडण्याचे भय नसते. चाल तेथे मोकळी होते. या गीतांत विरहाची आळवणी पुष्कळ आहे. गाण्यासाठी परस्परांशी बांधल्या गेलेल्या गटांतील स्त्री-पुरुषांनी विवाह करू नये, असा संकेत होता, हे लक्षात घेतले म्हणजे ती आळवणी निव्वळ अलंकारिक वाटत नाही.

‘का त्रू’ हा प्रकार याहून दरबारी व विद्वत्प्रिय. गायिका स्वतः बांबूच्या पट्टीवर ठेका धरते, साथीला तीन तारांचे लांब दांड्याचे वाद्य असते, आणि जाणकार श्रोता ढोलावर थाप देऊन दाद देतो. १९४५ नंतर गायनगृहांच्या बदलौकिकामुळे ही कला मागे पडली. २००९ मध्ये युनेस्कोने क्वान होला प्रातिनिधिक वारशाच्या यादीत घेतले. का त्रूला मात्र तातडीने जतन करावयाच्या यादीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : क्वान होमधील अर्थहीन अक्षरे भाषेच्या दृष्टीने कोणते कार्य करतात? सुमारे १०० शब्दांत लिहा.