खाकी नायक : वीर की रौद्र?
('अर्धसत्य' ते 'सिंघम' : अहेरी परिसराच्या संदर्भात एक विचार)

प्रामाणिक पोलीस अधिकारी आणि भ्रष्ट व्यवस्था यांचा संघर्ष हा भारतीय लोकप्रिय चित्रपटाचा गेल्या अर्धशतकातील एक स्थिर कथाबंध आहे. एका ठोशात दहा गुंड उडविणारा, बदलीला न भिणारा, मंत्र्याला त्याच्याच दिवाणखान्यात दम देणारा हा खाकी नायक समीक्षेने बहुधा 'अवास्तव' म्हणून बाजूस सारला आहे. परंतु अवास्तवता हा स्वतःच काही वाङ्मयीन दोष नव्हे. लोकव्यवहाराची मर्यादा ओलांडणाऱ्या उक्तीला भामहाने अतिशयोक्ती म्हटले आणि तिच्याशीच वक्रोक्तीचे नाते जोडले. पोवाड्यातील वीरही एकटा शेकडोंना भारी पडतो. त्याबद्दल शाहिराला कोणी जाब विचारीत नाही. तेव्हा या चित्रपटांविषयी विचारावयाचा प्रश्न 'हे खरे आहे काय' हा नसून 'ही अतिशयोक्ती कोणत्या भावाच्या सेवेत उभी आहे' हा आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न रसविचाराच्या आधारे मांडला असून त्याच्या उत्तराची कसोटी म्हणून अहेरी व गडचिरोली जिल्हा हा परिसर घेतला आहे. खाकी गणवेश, बंदूक आणि कायदा या तिन्ही गोष्टी तेथे केवळ पडद्यावरच्या नाहीत.

१

भरताच्या नाट्यशास्त्रात वीर आणि रौद्र हे दोन्ही रस युद्धाशी निगडित असले तरी त्यांची जात वेगळी आहे. वीराचा स्थायी भाव उत्साह, रौद्राचा क्रोध. वीर हा उत्तम प्रकृतीच्या पात्रांचा रस. रौद्र हा राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्ये यांचा. वीराच्या विभावांत बल आणि पराक्रम यांच्याबरोबरच असंमोह, नय आणि विनय यांची गणना भरताने केली आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याची बुद्धी संकटातही झाकोळत नाही आणि ज्याचे बळ नीतीच्या मर्यादेत राहते, तो वीर. शत्रू दोघांनाही असतो, शस्त्र दोघांच्याही हाती असते. भेद असतो तो मर्यादेचा. पोलिसाच्या बाबतीत या मर्यादेचे नाव कायदा असे आहे.

२

मराठी परंपरेत शिपाई-हवालदार हा मुळात वीररसाचा नव्हे, हास्यरसाचा आलंबन होता. तमाशाच्या वगातील हवालदार आणि कोतवाल हे लाच, वशिला आणि मूर्खपणा यांचे पुतळे असत. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात कोतवालपदासाठी चाललेली धडपड हा सत्तेच्या उपहासाचाच विषय आहे. भ्रष्टाचाराला लोकरंगभूमीने दिलेले उत्तर हसणे हे होते. त्या हसण्याने व्यवस्था बदलत नसे. पण प्रेक्षक तिला शहाणपणाने ओळखत असे.

हिंदी चित्रपटात १९७३ च्या 'जंजीर'पासून या हास्याची जागा क्रोधाने घेतली. त्यातील इन्स्पेक्टर विजय लाचखोरीच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात जातो आणि पुढची लढाई गणवेशाबाहेर लढतो. व्यवस्थेतील प्रामाणिक माणसाला व्यवस्थेतच जागा नाही, हे सूत्र येथे प्रथम ठळकपणे लोकप्रिय झाले.

या सूत्राचा सर्वांत गंभीर शोध घेतला गेला तो मात्र एका मराठी कथेतून. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली 'अर्धसत्य' केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि चित्रपटाचे शीर्षक ज्या कवितेशी निगडित आहे, ती दिलीप चित्रे यांची. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा पोलिसाचाच मुलगा. बापाने घरात केलेली मारहाण त्याच्या मनात साठलेली आहे. रामा शेट्टीसारख्या गुंडापुढे हतबल झालेला वेलणकर स्वतःच्या कोठडीतील एका आरोपीला मरेपर्यंत मारतो. येथे चित्रपट क्षणभरही टाळ्यांना वाव देत नाही. बलवानावर चालू न शकलेला हात दुर्बलावर पडतो, हे दारुण सत्य तो समोर ठेवतो. शेवटी वेलणकर रामा शेट्टीला ठार करतो, पण त्यानंतर तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. स्वतःचा क्रोध हा गुन्हा आहे, हे त्याला कळलेले असते. रौद्राचे दर्शन घडवूनही त्याला वीर म्हणून न मिरविणे, हे 'अर्धसत्य'चे श्रेष्ठत्व होय.

३

रोहित शेट्टी यांचा 'सिंघम' (२०११) हा हरी दिग्दर्शित 'सिंगम' (२०१०) या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. त्याचा नायक बाजीराव सिंघम मराठी आहे. गाव, आईवडील, मातीची शपथ हा सारा भावनिक ऐवज मराठी आहे. प्रामाणिक अधिकारी राकेश कदम याची आत्महत्या हे चित्रपटाचे करुण बीज आहे आणि ते निःसंशय परिणामकारक आहे. परंतु जयकांत शिक्रेचा निकाल न्यायालयात लागत नाही. पोलीस दल एकजुटीने तो लावते आणि प्रेक्षागृह त्याला साथ देते. वेलणकर जेथे मान खाली घालतो, तेथे सिंघम छाती पुढे काढतो. दोघांच्या कृतीत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते चित्रपटाच्या दृष्टीत. पहिला क्रोधाला क्रोध म्हणतो, दुसरा त्याला उत्साहाचे वस्त्र नेसवितो.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात 'सिंघम'सारख्या चित्रपटांतून कायदेशीर प्रक्रियेविषयी घातक संदेश जातो, असा इशारा दिला होता. तत्पूर्वी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणातच पोलीस चकमकीतील मृत्यूंच्या चौकशीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. रसचर्चा आणि न्यायचर्चा या दोन वाटा येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

४

अहेरी हे प्राणहितेच्या काठचे गाव. नदीपलीकडे तेलंगणा. मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया या भाषा या परिसरात शेजारी नांदतात. त्यामुळे खाकी नायकाची परंपरा येथे केवळ मुंबईच्या दिशेने पाहता येत नाही. तेलुगूतील 'अंकुशम्' (१९८९) आणि विजयशांती यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा 'कर्तव्यम्' (१९९०) हे याच कथाबंधाचे दमदार आविष्कार असून दोहोंची हिंदी रूपे पुढे निघाली. जिल्ह्याच्या उत्तर भागात, देसाईगंज-वडसा केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला चढा स्वर आणि ठळक खलनायक परके नाहीत. या प्रेक्षकाला अतिशयोक्ती कळते. ती खरी मानण्याइतका तो भाबडा नाही.

मात्र याच देसाईगंजचे नाव भारतीय कायद्याच्या इतिहासात वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. १९७२ साली तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. 'अर्धसत्य'चेही वर्ष हेच. या घटनाक्रमात कोणी सिंघम नाही. आहे ते एक पत्र, अनेक मोर्चे आणि संसदेतील एक दुरुस्ती. यावर चित्रपट काढणे अवघड, कारण यात क्रोध आहे तो नयाने बांधलेला आहे. भरताच्या अर्थाने वीररस आहे तो येथे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ प्राणहिता ओलांडून या भागात आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १९९० मध्ये स्थानिक तरुणांचे सी-६० पथक उभे राहिले. लाहेरी येथे ऑक्टोबर २००९ मध्ये १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलिसांचा मृत्यू झाला. येथील पोलीस पुष्कळदा याच गावांतला, याच बोली बोलणारा असतो. सुरुंगापुढे ठोसा चालत नाही. पडद्यावरचा अजिंख्य नायक या माणसांचा गौरव करीत नाही. त्यांच्या मर्त्यतेचा त्याला विसर पडलेला असतो. विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीत माडिया माणसाच्या नजरेतून शासन नावाची गोष्ट दिसते. तिच्यासोबत 'सिंघम' ठेवून पाहिला तर एकाच गणवेशाची दोन रूपे समोर येतात. दूरच्या शहराला जो त्राता वाटतो, त्याच्या बुटांचा आवाज पाड्यावर वेगळाच ऐकू येतो.

५

या चित्रपटांच्या लोकप्रियतेमागे एक खरी भूक आहे. तक्रार नोंदवून न घेणारे ठाणे, वर्षानुवर्षे चालणारा खटला, प्रामाणिक माणसाची रातोरात होणारी बदली यांचा अनुभव नसता, तर ही अतिशयोक्ती उभीच राहिली नसती. म्हणून तिची टिंगल करणे हे प्रेक्षकाच्या दुःखाची टिंगल करण्यासारखे आहे. अध्यापकाने ती टाळावी. पदव्युत्तर वर्गात 'सूर्य', 'अर्धसत्य' आणि 'सिंघम' यांचे एकत्र वाचन व्हावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जावा : नायकाचा हात उठतो तेव्हा त्याला कोणती मर्यादा आठवते? जेथे ती आठवते तेथे अतिशयोक्ती वीराची आहे. जेथे ती विसरणे हाच पराक्रम ठरतो, तेथे गणवेश खाकी असला तरी रस रौद्राचाच होय. हा भेद मुंबईच्या प्रेक्षागृहात कदाचित पंडिती वाटेल. अहेरीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचा एक भाऊ पोलिसात आणि दुसरा त्याच पोलिसांच्या चौकशीत असू शकतो. त्याच्यासाठी हा भेद केवळ काव्यशास्त्राचा नाही.