अकरा महिन्यांचा करार करू नकोस

चि. बाळूस,

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे गेले, तर शिरोलीच्या आपल्या मशीन शॉपवर बोजा किती पडेल, असं तू फोनवर विचारलंस. तुझ्या सल्लागाराने त्यावर काढलेली तोडही सांगितलीस: नव्या पोरांना अकरा महिन्यांवर घ्यायचं, मग ब्रेक द्यायचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नाही. मला ही तोड मुळीच पसंत नाही.

आधी हिशोब बघ. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला पूर्वी पाच वर्षांची अट होती, ती आता एका वर्षावर आली. रक्कम वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, महिना 26 दिवसांचा धरून. वेतन 20,000 असेल तर वर्षाचे 11,538 रुपये, म्हणजे महिन्याला हजारसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी तू ड्रॉइंग वाचायला शिकलेला, सीएनसीवर सेटिंग जमू लागलेला पोरगा घालवणार? त्याच्या जागी येणारा नवखा पहिल्या महिन्यात किती जॉब रिजेक्ट करेल, ते तूच मोज. मी जन्मभर टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहिल्या. ब्रेक मिळालेली माणसं पुढच्या बोलावण्याच्या आशेने गेटवर यायची. घरी बायकोला काय सांगायचं, हे त्यांना सुचत नसे. आपल्या गेटवर तसं कुणी उभं राहू नये, एवढी माझी इच्छा आहे. शिवाय मुदतीवरच्या माणसाला त्याच कामाच्या कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या आहेत, हेही सल्लागाराने तुला सांगितलेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट पगारपत्रकाची. मूळ पगार लहान दाखवायचा आणि घरभाडं, प्रवास असे भत्ते फुगवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तुझ्या फोरमनचे एकूण 40,000 आणि मूळ व महागाई मिळून 14,000 असतील, तर ग्रॅच्युइटी 20,000 वर मोजावी लागेल. कागद फिरवून हे टळत नाही. पत्रक सरळ मांड आणि फोरमनला समोर बसवून समजाव, कारण पीएफची कपात वाढून हातात थोडे कमी पडले तर त्याच्या मनात पहिला संशय तुझाच येईल.

कुणी सोडून गेला तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. पूर्वी ही मुदत मालकाने काढलेल्या माणसाला होती, आता स्वतः राजीनामा देणाऱ्यालाही आहे. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते; राग धरून हिशोब महिनोन्‌महिने अडवलेले मी पाहिले आहेत. ग्रॅच्युइटीला मात्र तीस दिवस मिळतात, दोन्हींची गल्लत करू नकोस. नियुक्तिपत्र प्रत्येकाला दे, झाडूवाल्या मावशींनाही.

मोठ्या कंपन्या तुझी बिलं अडवतात, हे मला ठाऊक आहे. पण कामगाराचा पगार सात तारखेच्या पुढे जायला ते कारण चालत नाही. तुझी ‘उद्यम’ नोंदणी आहे ना? मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळणं हा तुझा हक्क आहे. 2023-24 पासून मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. जॉबवर्कच्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक छाप आणि त्यांच्या अकाउंट्सवाल्याला मार्चच्या आधीच आठवण दे.

नियुक्तिपत्राचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. सध्याच्या पोरांचे करार कधी संपतात त्या तारखाही सोबत लिही, म्हणजे कुणाला कायम करता येईल ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
मामा