केवळ दीर्घायुष्य म्हणजे कीर्ती काय?

मंदिर-संस्थेच्या वार्षिक उत्सवात वयोवृद्ध सभासदांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्याची प्रथा आपल्या मराठी वस्तीच्या बहुतेक गावी रूढ आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे किंवा बेळगाव असो. नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना किंवा आजींना व्यासपीठावर आणतात, मानपत्र वाचले जाते आणि त्या मानपत्रात 'आपली कीर्ती दिगंत झाली आहे' अशा अर्थाचे एखादे वाक्य हटकून असते. ते ऐकताना मंडपातील प्रत्येकास ठाऊक असते की, सत्कारमूर्ती सरळमार्गी व सज्जन असली तरी तिचे नाव दोन आळ्यांपलीकडे कोणास माहीत नाही. कोणी हसत नाही, आणि हसूही नये. परंतु ते वाक्य खरे की खोटे, हा प्रश्न उरतोच. देवापुढे वाचावयाच्या कागदावर खोटे लिहू नये असे आम्हांस वाटत असल्यामुळे या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सहस्रचंद्रदर्शनाचा विधी आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एक चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे हजार पौर्णिमा पाहावयास ८० वर्षे व सुमारे १० महिने लागतात. आपल्या पणजोबांच्या काळी असा मनुष्य गावात एखादाच आढळे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. तेव्हा एकेकाळी दुर्मीळ असलेली गोष्ट आता पुष्कळ घरांत पाहावयास मिळते. कीर्ती जर केवळ दुर्मीळपणावर उभी असेल, तर देवी हटविणारी लस आणि स्वच्छ पाणी यांनी आपल्या आजोबांची कीर्ती कमी केली असे म्हणावे लागेल! हे म्हणणे विचित्र दिसते, यावरूनच आपण दोन निरनिराळ्या वस्तूंना एक नाव देत आहो अशी शंका येते.

ही शंका मराठी मनाला नवी नाही. तापी व पूर्णा यांच्या संगमावर, आजच्या जळगाव जिल्ह्यात, चांगदेव नावाचे गाव व देऊळ आहे. योगबळाने काळाला चुकवून चांगदेव १४०० वर्षे जगले अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांची ख्याती कानी आल्यावर त्यांनी पत्र लिहावयास घेतले आणि मायन्यापाशीच त्यांची लेखणी थांबली. वयाने पाहावे तर समोरचा मुलगा विशीच्या आतबाहेरचा. त्यास आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने पाहावे तर तो श्रेष्ठ; त्यास नमस्कार लिहावा. दोन्हीही जुळेनात, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठविला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले, म्हणजे १४०० वर्षांच्या मनुष्याने एका लहान मुलीपुढे मस्तक ठेवले. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) आळंदीस समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. चांगदेवांच्या १४०० वर्षांपैकी कोणते एक वर्ष आज आपल्या स्मरणात आहे? ज्या वर्षी त्यांनी तो कागद पाठविला, तेवढेच. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी की नाही यावर आम्ही वाद घालीत नाही. ती ज्यांनी रचली व शतकानुशतके सांगितली, त्यांनी वय आणि थोरवी यांचा हिशेब किती स्पष्ट ठेवला होता, एवढेच पाहावयाचे आहे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. पत्रात आपण धाकट्यास 'चिरंजीव' लिहितो व वडिलांस 'तीर्थरूप'. दीर्घ आयुष्याचा शब्द आपण लहानांकडे दिला, कारण ती इच्छा आहे. मोठ्यांकडे मात्र तीर्थाचा शब्द दिला. आपल्या व्यवहारात हा विवेक आपोआपच आलेला दिसतो.

शब्दांचेच पाहू. कीर्ती आणि कीर्तन हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. ज्याचा पुन्हा पुन्हा उच्चार करावासा वाटतो ती कीर्ती. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या स्त्रीरूप विभूती सांगितल्या, त्यांत कीर्तीचे नाव पहिले आहे. पुढे श्री, वाणी, स्मृती, मेधा, धैर्य व क्षमा ही येतात. या सातांत दीर्घायुष्य नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वडीलधाऱ्यांना नित्य वंदन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश व बळ वाढते असे सांगितले आहे. येथे आयुष्य आणि यश ही दोन वेगळी फळे मोजली आहेत. एकात दुसरे आलेच असते तर दोन मोजण्याचे कारण नव्हते. त्याच अध्यायात मान देण्याची पाच कारणे क्रमाने दिली आहेत: धन, नातेसंबंध, वय, कर्म व विद्या, आणि यांत पुढचे पुढचे अधिक वजनाचे. म्हणजे वय हे धनाहून व गोतावळ्याहून मोठे, परंतु कर्माहून व विद्येहून लहान. ज्या वर्णाला स्मृतिकारांनी इतर मान नाकारला, त्यातील मनुष्यही वयाच्या दहाव्या दशकात पोचला की मानास पात्र होतो, असेही तेथे म्हटले आहे. वर्णावर बेतलेला तो भेद आज आम्हांस मुळीच मान्य नाही. परंतु भेद मानणाऱ्यांनाही वयापुढे वाकावे लागले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वय मान मिळवून देते, आणि तो मान पुरेपूर खरा असतो. मात्र मान ही एक वस्तू व कीर्ती ही दुसरी.

तरीही केवळ वयावर जगप्रसिद्ध झालेली माणसे आहेत, त्यांचे काय? विलायतेत टॉमस पार नावाचा एक शेतकरी होता. तो १५२ वर्षांचा आहे अशी वदंता उठल्यावर एका सरदाराने त्यास १६३५ साली लंडनला राजाच्या भेटीस आणले. त्याच वर्षी तो तेथे वारला आणि त्यास राजेरजवाड्यांच्या सोबतीने वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध मठात पुरण्यात आले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे वैद्य विल्यम हार्वे यांनी त्याच्या देहाची तपासणी केली. त्याच्या थडग्याच्या शिळेवर तो ज्या दहा राजा-राण्यांच्या अमदानीत जगला त्यांची नावे आहेत. त्याने स्वतः काय केले याविषयी तेथे एक अक्षरही नाही. शिळेच्या या मौनावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. त्याचे ते वयही आज जाणकार मानीत नाहीत.

फ्रान्समधील आर्ल गावच्या झान काल्मां या बाईंची गोष्ट अधिक भरवशाची. त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८७५ चा व मृत्यू ४ ऑगस्ट १९९७ चा. म्हणजे १२२ वर्षे १६४ दिवस. इतके दीर्घ व कागदोपत्री तपासलेले आयुष्य दुसरे नाही. त्यांच्या नव्वदाव्या वर्षी, १९६५ साली, एका वकिलाने असा करार केला की, बाई जिवंत असेतो दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची आणि त्यांच्या पश्चात घर आपले. तीस वर्षे पैसे भरून वकील महाशय १९९५ साली आधी गेले, आणि पुढचे हप्ते त्यांच्या पत्नीला भरावे लागले. चतुर मनुष्यही काळाशी सौदा करताना फसतो तो असा. लोक बाईंकडे येत व प्रसिद्ध चित्रकार व्हान गॉग कसा होता हे विचारीत, कारण १८८८ साली तो आर्लला राहत असता त्यास पाहिल्याचे त्या सांगत.

२०१८ साली काही रशियन संशोधकांनी अशी शंका काढली की, खऱ्या बाई पूर्वीच वारल्या असून त्यांच्या जागी त्यांची मुलगी वावरत होती. बहुतेक तज्ज्ञांनी ही शंका फेटाळली आहे, आणि आम्हांसही ती पटत नाही. परंतु घटकाभर ती खरी मानू. मग त्या प्रसिद्धीचे काय उरते? काहीच नाही. जपानातील शिगेचियो इझुमी यांच्या बाबतीत प्रत्यक्ष असेच घडले. १९८६ साली ते वारले तेव्हा १२० वर्षांचे म्हणून त्यांची जगभर नोंद होती. पुढे वयाच्या पुराव्याविषयी शंका आली, नोंद मागे घेतली गेली आणि नावही मागे पडले.

आता हीच कसोटी आपल्याकडे लावू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. त्याच वर्षीच्या जून महिन्यात ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला; तिशीच्या आसपास संपलेले ते आयुष्य व १९६२ च्या ९ नोव्हेंबरपर्यंत चाललेले हे १०४ वर्षांचे आयुष्य, दोन्हीही कीर्तिमंत. समजा, उद्या एखाद्या दप्तरात असे निघाले की, कर्व्यांची जन्मतारीख दहा वर्षांनी चुकली आहे. त्यामुळे हिंगण्याच्या आश्रमाची एक वीट तरी हलेल काय? १८९६ सालची विधवांच्या शिक्षणाची संस्था, १९१६ सालचे महिला विद्यापीठ, ही जशीच्या तशी उभी राहतील.

यावर कोणी म्हणेल की, त्यांना 'भारतरत्न' मिळाले ते शंभराव्या वर्षी, १९५८ साली. तेव्हा वयाचाही वाटा आहेच. आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर शोधण्याजोगे आहे. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्याच मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले होते. ते साठाव्या वर्षी जाते तरी त्यांचे काम एवढेच मोठे राहते. मात्र समाजाचे मत पालटलेले पाहण्यास ते नसते. पीक त्यांनी पूर्वीच पेरले होते, दीर्घायुष्याने त्यांना सुगीपर्यंत शेतात राहू दिले. आणि ते नुसते बांधावर बसूनही नव्हते. जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ काढला तो १९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचेही असेच. सावंतवाडी संस्थानात १८६७ साली जन्मलेले हे चित्रकार काही वर्षे हैदराबादेस राहिले. औंध येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले, आणि १९४८ साली, ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते गुजरातेतील पारडीस नेऊन वेदग्रंथांचे काम पुन्हा नव्याने मांडले. १९६८ साली ते वारले तेव्हा त्यांनी शंभरी पार केली होती. परंतु त्यांचा उल्लेख होतो तो शंभरीमुळे नव्हे.

नुसते जगणे हे वरदान तरी नेहमी असते काय? अश्वत्थामा चिरंजीवांत मोजला जातो, पण महाभारतात त्याचे ते दीर्घ आयुष्य हा शाप आहे: तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशी शब्द न बोलता भटकणे. बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तो शिवपूजेस येतो असे लोक सांगतात. तेलासाठी याचना करणारा तो वृद्ध कोणास हेवा वाटावा असा नाही.

आमच्या मते या प्रश्नावरील सर्वांत मार्मिक कथा वनपर्वात आहे. राजर्षी इंद्रद्युम्न स्वर्गातून खाली पडला, कारण पृथ्वीवर त्याची कीर्ती लोपली होती. तो मार्कंडेयांकडे आला व 'मला ओळखता काय?' असे विचारू लागला. मार्कंडेय ओळखीनात. 'आपल्याहून वृद्ध कोणी आहे?' हिमालयात प्रावारकर्ण नावाचे घुबड होते. राजा घोडा झाला व ऋषींना पाठीवर घेऊन तेथे गेला. घुबडाने पुष्कळ विचार केला, पण त्यासही ओळख पटेना. त्याहून वृद्ध नाडीजंघ नावाचा बगळा एका सरोवरावर होता, तोही नाही म्हणाला. गंमत अशी की, त्या सरोवराचे नावच इंद्रद्युम्न! पाटीवर नाव आहे, शेजारी राहणाऱ्यास मनुष्य ठाऊक नाही. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या ज्या देवळात आहेत, त्या सर्व देवळांनी हा बगळा ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच सरोवरातील अकूपार नावाचे कासव बोलाविले. त्याने राजाला पाहताच डोळ्यांत पाणी आणले व सांगितले, याला मी कसा न ओळखणार? याने यज्ञ केले, आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंच्या खुरांनी ही भूमी खणली जाऊन हे सरोवर झाले. मी त्यातच राहतो. हे शब्द उच्चारताच देवलोकाचा रथ आला. त्यात चढण्यापूर्वी राजाने रथाला थांबविले, आणि त्या दोघा वृद्धांना, ऋषींना व घुबडाला, आधी त्यांच्या त्यांच्या ठिकाणी पोचवून दिले.

या कथेत वय सर्वांत अधिक कासवाचे, आणि कीर्ती मात्र राजाची. पण कासवावाचून राजाला स्वर्ग नाही. वृद्धाचे खरे स्थान येथे आहे: तो कीर्तीचा धनी असेल वा नसेल, कीर्तीचा साक्षी तो असतोच. आणि साक्ष विचारावी लागते. कासव आपण होऊन पाण्याबाहेर आले नव्हते.

तेव्हा मानपत्रे लिहिणाऱ्या मंडळींना आमची विनंती अशी की, 'दिगंत कीर्ती' गाळावी. 'आपल्या वयाला आमचे वंदन' एवढे लिहिले तरी ते खरे व पुरेसे आहे. शाल घरी पोचविणाऱ्या तरुणाने मात्र लगेच परतू नये. देवळाची विहीर कोणी खणली, पहिली पालखी कोणाच्या खांद्यावर होती, महाराष्ट्रापासून दूर या गावी आपली घराणी केव्हा व कशी आली, उत्सवाचा खर्च कमी पडे तेव्हा नाव न सांगता तो कोण भरी, हे विचारून वहीत लिहून घ्यावे, तारखेनिशी, आणि सांगणाऱ्याचे नाव खाली घालून. ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने विचारावे. एका बैठकीत न आठवल्यास दुसऱ्यांदा जावे, आणि शक्यतो सकाळी जावे, कारण त्या वेळी वृद्ध माणसे ताजीतवानी असतात.