शाळेची हरित सेना आणि आपली दिंडी

या महिन्याच्या पाठास आम्ही एक नवे नाव घेतले आहे. ते नाव 'हरित सेना'. वारीच्या वाटेवर शाळांच्या भिंतींवर ते पुष्कळांनी वाचले असेल. कोठे 'इको क्लब' असेही लिहिलेले असते. नाव नवे म्हणून गोष्ट परकी, असे मात्र कोणी समजू नये.

प्रथम ही सेना म्हणजे काय ते पाहू. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे २००१-०२ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेना उभारण्याची योजना काढली. एका शाळेतील ३० ते ५० मुले, त्यांच्यावर एक शिक्षक आणि वर्षाकाठी थोडेसे अनुदान, असा तिचा मूळ आराखडा. महाराष्ट्रात हे काम सामाजिक वनीकरण विभागामार्फत चालले. रोपे करावी, लावावी, जगवावी, पाणी जपावे, ओला आणि सुका कचरा निराळा करावा, अशी या मुलांची कामे.

'पर्यावरण' या शब्दात 'परि' म्हणजे सभोवार आणि 'आवरण' म्हणजे वेढणारे. माती, पाणी, वारा, झाड, पाखरू, जे जे आपल्याला वेढून आहे ते पर्यावरण. आता हे पुस्तकात वाचले म्हणजे परीक्षेपुरते कळते. पण नामाचा महिमा पोथीत वाचला एवढ्याने नामस्मरण झाले काय? नाही. त्याला नेम लागतो. पुस्तकातल्या धड्याचा जो नेम, तीच हरित सेना.

दिंडीत बघा, वीणेकरी, मृदंगी, टाळकरी, पताकावाले, तुळशीवृंदावन डोईवर घेतलेली माउली, ज्याचे त्याचे काम ठरलेले. सप्ताहात पहाऱ्याची वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. शाळेची सेनाही अशीच चालली पाहिजे. दहावीचा मुलगा शाळा सोडताना आपले झाड धाकट्या मुलाच्या हाती सोपवील, मे महिन्याच्या सुट्टीत पाण्याची पाळी कोणाची हे आधी ठरेल, तर झाड उभे राहील. नाहीतर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप आणि तोच फोटो!

तुकोबारायांनी झाडांना सोयरे मानले, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण सोयरा म्हणजे कोण? भाऊ जन्माने मिळतो, सोयरिक मात्र जोडावी लागते, आणि जोडली की निभवावी लागते. लेक दिली आणि पुन्हा तिच्या दारी कधी फिरकलाच नाही, अशा बापाला गाव काय म्हणते? रोप लावून पाठ फिरवणाऱ्यालाही तेच म्हणावे लागेल.

निभवणे म्हणजे काय, तेही सांगतो. खड्डा उन्हाळ्यात घ्यावा, दीड-दोन फूट खोल; त्याला ऊन खाऊ द्यावे. शेणखत आणि चांगली माती भरून, पाऊस नीट पडल्यावर रोप लावावे. वड, पिंपळ, उंबर, चिंच, कडुलिंब, करंज ही आपल्या मातीतली झाडे निवडावी. त्यांनी सावलीही मिळते आणि पाखरांचे पोटही भरते. भोवती काटेरी कुंपण, बुंध्याशी आळे, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन. पाणी थोडे असेल तर तळाला छिद्र पाडून, त्यात चिंधीची वात घालून मडके मुळाशी पुरावे. पाणी थेंबाथेंबाने मुरते. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की झाड आपल्या पायावर उभे राहते.

आता आपल्याकडे येऊ. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस पडतो, मुले रोपे लावतात. त्याच दिवसांत पालख्या निघतात. वाटेवरच्या शाळा आपल्याला मुक्कामाला वर्ग देतात, मैदान देतात. म्हणजे मुलांची कोवळी रोपे आणि आपल्या राहुट्या एकाच अंगणात येतात. मग राहुटीची दोरी रोपाला बांधली जाते, मालमोटार कुंपणाला घासते, साबणाचे पाणी आळ्यात जाते आणि सकाळी दिंडी पुढे गेल्यावर मागे पत्रावळ्यांचा ढीग राहतो. तो ढीग कोण उचलते? हीच पोरे.

कोणी म्हणेल, "महाराज, लाखो माणसांच्या वारीत एका रोपाचं काय घेऊन बसलात?" त्याचे उत्तर असे. रोप दुसरे मिळेल. पण मोडलेल्या रोपाजवळ जे मूल उभे राहते त्याने कोणाला पाहिलेले असते? कपाळी टिळा आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला. तुळशीला पाणी घातल्यावाचून अन्न न घेणाऱ्यांनीच आपले झाड मोडले, हे त्या मुलाच्या मनात राहिले, तर पुढे शंभर कीर्तनांनी ते निघायचे नाही. तोटा झाडाचा नाही, संप्रदायाचा आहे.

आणि गरज आपलीच आहे. पालखीमार्ग रुंद करताना पुष्कळ जुनी झाडे गेली. देहूची नांदुरकी, आळंदीचा अजानवृक्ष यांच्यापुढे आपण हात जोडतो. मग उद्याच्या वारकऱ्याला दुपारी टेकायला जे झाड लागणार, ते आजच्या मुलाच्या हातात आहे, हे विसरून कसे चालेल?

म्हणून आमची प्रत्येक फडप्रमुखास आणि दिंडीचालकास विनंती आहे. शाळेत उतरण्यापूर्वी गुरुजींना अथवा बाईंना विचारावे, "रोपं कुठं आहेत?" आणि चोपदाराकरवी सर्वांस कळवावे. रोपांभोवती दोरी धरून दोन हात जागा मोकळी सोडावी. आपले ताट, आपला तांब्या बरोबर ठेवावा; थर्माकोलच्या ताटवाट्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ती कायद्याच्या भयाने नव्हे तर धर्म म्हणून पाळावी. तांदूळ धुतलेले पाणी सांडून न देता आळ्यात घालावे. निघताना पाच माणसांनी मागे थांबून अंगण झाडून द्यावे. रात्रीच्या कीर्तनाला त्या मुलांना पुढे बसवावे आणि बुवांनी त्यांच्या कामाचे कौतुक दोन शब्दांत करावे.

अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. शाळेच्या अंगणात तो आहे की नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा. पुढच्या वर्षी त्याच शाळेत उतराल तेव्हा पोराला हाक मारून विचारा, "काय रे माउली, झाड केवढं झालं?" एवढे विचारणाऱ्याची वारी त्या मुलाला जन्मभर आठवेल.

राम कृष्ण हरि.