घरातील दिव्यांची निवड : वीज थोडी, उजेड पुरेसा

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९४७ साली महानगरपालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट होय. गिरगावापासून दादरपर्यंतच्या घरांना प्रामुख्याने याच उपक्रमाची वीज मिळते.

परळ-लालबागच्या चाळींतील खोल्या आकाराने लहान. एकाच खोलीत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, शिवणकाम आणि रात्रीची निजानीज होते. समोरच्या इमारतीने उजेड अडविला असेल, तर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा घरात दिव्याची निवड ही हौसेची नव्हे, तर मासिक खर्चाची आणि डोळ्यांच्या स्वास्थ्याची बाब ठरते.

वॉट आणि ल्युमेन

‘किती वॉटचा दिवा हवा?’ हा दुकानात नेहमी विचारला जाणारा प्रश्न. वस्तुतः वॉट हे विजेच्या वापराचे माप आहे. प्रकाशाचे माप म्हणजे ल्युमेन. तारेचा ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश देतो, कारण त्याला मिळणाऱ्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. तितका किंवा थोडा अधिक प्रकाश सीएफएल सुमारे १४ वॉटमध्ये आणि चांगला एलईडी दिवा ९ वॉटमध्ये देतो. म्हणून खोक्यावरील ल्युमेनचा आकडा प्रथम पाहावा, वॉटचा नंतर. ल्युमेनला वॉटने भागल्यास दर वॉटमागे मिळणारा प्रकाश कळतो. हा भागाकार जितका मोठा, तितका दिवा काटकसरीचा.

प्रथम कोणता दिवा बदलावा?

घरातील सर्व दिवे एकदम बदलणे प्रत्येकास परवडेलच असे नाही. पुष्कळदा प्रथम मोरीतील पिवळा बल्ब बदलला जातो, कारण त्याचे वॉट जास्त. परंतु वॉटला तासांनी गुणल्याखेरीज खरा खर्च समजत नाही. १,००० वॉटतास म्हणजे एक युनिट. मोरीतील ६० वॉटचा बल्ब दररोज अर्धा तास जळत असेल, तर महिन्याला एक युनिटदेखील लागत नाही. उलट, मधल्या अंधाऱ्या खोलीतील ४० वॉटची जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५० वॉट घेते. ती दिवसाकाठी १२ तास जळाल्यास महिन्याला १८ युनिट होतात. तिच्या जागी २० वॉटची एलईडी ट्यूब बसविल्यास ७.२ युनिट लागतील. म्हणजेच दरमहा १०.८ युनिट वाचतील. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही बचत बिलातील सर्वांत महाग युनिटांतून होते. तात्पर्य, सर्वाधिक वेळ जळणारा दिवा प्रथम बदलावा.

हाच हिशेब जिन्यावरील व गॅलरीतील सामायिक दिव्यांना लावावा. ते रात्रभर जळतात. खर्च वाचावा म्हणून ते काढून टाकणे मात्र धोक्याचे आहे. जुन्या लाकडी जिन्यावर वृद्धांचा पाय चुकतो. तेथे कमी वॉटचा, परंतु पुरेसा उजेड देणारा दिवा असावा.

खरेदी व निगा

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल आणि भारतीय मानक चिन्ह पाहूनच दिवा घ्यावा. तारे जितके अधिक, तितकी कार्यक्षमता अधिक. खोक्यावरील ‘केल्विन’चा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो : २,७०० ते ३,००० म्हणजे पिवळसर, ६,५०० म्हणजे पांढराशुभ्र. हमीची मुदत व पावती जपून ठेवावी. एलईडीतील इलेक्ट्रॉनिक भागांना उष्णता सोसत नाही. बंदिस्त काचेच्या गोळ्यात तो लवकर निकामी होऊ शकतो.

अभ्यासासाठी सबंध खोली उजळण्याची गरज नसते. वहीजवळ आणलेला लहान दिवा छतावरील मोठ्या दिव्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण अंतर निम्मे झाले की प्रकाश सुमारे चौपट पडतो. काजळी धरलेल्या भिंतींना पांढरा रंग दिल्यास आणि दिव्यावरील धूळ महिन्यातून एकदा पुसल्यास त्याच विजेत अधिक उजेड मिळतो. पुसण्यापूर्वी बटण बंद करून दिवा थंड होऊ द्यावा. जुन्या ट्यूब व सीएफएलमध्ये पारा असतो. त्या फोडू नयेत, केरात टाकू नयेत. ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्यात.

प्रत्येक कुटुंबाने एका कागदावर घरातील दिवे, त्यांचे वॉट आणि रोजचे तास मांडून पाहावेत. पहिला दिवा कोणता बदलावा, याचे उत्तर त्या कागदावरच मिळेल.