झाडपाला आणि फेफऱ्याची गोळी

एकदा सास्तूरच्या वर्गात आम्ही औषधांच्या पाकिटांवरची नावे वाचायला घेतली. ज्याने त्याने घरचे औषध आणले होते. एका आजीने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक गोळ्यांचे पाकीट आणि एक बाटली.

आजी म्हणाल्या, "माझ्या नातवाला फेफरं येतं. ही गोळी डॉक्टरनं दिलीय. ही बाटली मी आणलीय. डोक्याला थंडावा देते. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण, नव्हं का?"

आम्ही विचारले, "बाटलीचं डॉक्टरांना सांगितलं का?"

"त्यात काय सांगायचं? पाल्याचं औषध. त्यानं काय बाधतंय?"

वर्गातल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. पण आजींचे म्हणणे बरोबर आहे का? आपण नीट समजून घेऊ.

आपल्या मेंदूत विजेसारखे बारीक प्रवाह सारखे चालू असतात. त्यांच्यामुळे आपण बोलतो, चालतो, विचार करतो. कधी हे प्रवाह एकदम उसळतात. मग माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, शुद्ध हरपते. यालाच फेफरे, मिरगी किंवा फीट म्हणतात. ही बाहेरची बाधा नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. योग्य औषध रोज घेतले, तर 10 पैकी सुमारे 7 जणांचे झटके थांबू शकतात.

फेफऱ्यावर फेनिटॉइन नावाची एक जुनी गोळी आहे. ती पोटातून रक्तात जाते, रक्तातून मेंदूत जाते आणि उसळी आवरते. पण तिचे माप फार नाजूक असते. पिकाला पाणी कमी पडले तर पीक वाळते, जास्त झाले तर मुळे कुजतात. तसेच या गोळीचे आहे. रक्तात ती कमी पडली तर झटके येतात. जास्त झाली तर झोप येते, तोल जातो, एकाची दोन माणसे दिसतात.

आता मुंबईची हकिकत ऐका. फेफऱ्याचे दोन रोगी फेनिटॉइन घेत होते. त्यांचे झटके आटोक्यात होते. अचानक ते पुन्हा सुरू झाले. रक्त तपासले, तर गोळीचे प्रमाण उतरलेले! चौकशी केली, तेव्हा कळले की दोघेही शंखपुष्पीचे पातळ औषध घेत होते. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मग उंदरांवर तपासून पाहिले. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिली, तेव्हा रक्तातली गोळी कमी झाली आणि तिचा गुणही कमी पडला. ही माहिती 1992 साली छापून आली.

गंमत अशी, की त्याच तपासणीत शंखपुष्पीच्या औषधात झटके आवरण्याचा थोडा गुण स्वतःचाही दिसला. म्हणजे औषध वाईट नव्हते. गोळीही वाईट नव्हती. दोघांची जोडी वाईट ठरली.

उलटेही घडते. मिरीत एक तिखट सत्त्व असते. ते औषधासारखे घेतले, तर रक्तातले फेनिटॉइन वाढते. सुंठ, मिरी, पिंपळी यांच्या चूर्णात मिरी असतेच. भाजीतल्या चिमूटभर मिरीला भिण्याचे कारण नाही. पण रोज चूर्ण घ्यायचे असेल, तर आधी विचारावे.

असे का होते? आपले यकृत औषधाचे तुकडे करून ते शरीराबाहेर काढायला मदत करते. काही वनस्पती हे काम वाढवतात, काही ते अडवतात. म्हणजे पाला झाला तरी तोही औषधच आहे. ज्याला गुण आहे, त्याची बाधाही होऊ शकते.

मग काय करायचं?

1. दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत न्यावी. चूर्ण, काढा, बाटली, काही लपवू नये.
2. वैद्यांकडे गेलात, तर त्यांनाही गोळी दाखवावी.
3. फेफऱ्याची गोळी मनाने बंद करू नये. एकदम बंद केली तर झटक्यामागून झटके येऊन जीव धोक्यात येतो.
4. नवे औषध सुरू केल्यावर झटके वाढले, झोप वाढली किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.
5. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवावे. चूल, विहीर यांपासून दूर ठेवावे. तोंडात काही घालू नये. झटका 5 मिनिटांत थांबला नाही, तर दवाखान्यात न्यावे.

आजींनी त्या दिवशी बाटलीवरचे नाव बोट ठेवून वाचले. शं-ख-पु-ष्पी. मग गोळीचे वाचले. दुसऱ्या दिवशी नातवाला आणि दोन्ही औषधे घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "नाव वाचता आलं, म्हणून विचारता आलं."

प्रश्न
1. मुंबईच्या दोन रोग्यांचे झटके पुन्हा का सुरू झाले?
2. फेफऱ्याची गोळी एकदम का थांबवू नये?
3. आज घरी जाऊन दोन औषधांची नावे वाचा आणि वहीत लिहा.